पाठीवरचा हात आणि व्यवहारातील धाडस

मराठी भाषेने माणसाच्या धैर्याचा हिशेब हाताच्या शब्दांत मांडला आहे. ज्याला आधार आहे त्याच्या पाठीवर कोणाचा तरी हात असतो. जो पोरका झाला त्याच्या डोक्यावरचा हात गेलेला असतो. अडचणीतल्याला हात दिला जातो, धोका ओळखणारा हात आखडता घेतो आणि संधी गमावलेला हात चोळीत बसतो. व्यापारी घरांत तर या शब्दांना प्रत्यक्ष आचाराची जोड आहे. नव्या दुकानाचा मुहूर्त असो, पेढीवर प्रथमच बसणारा मुलगा असो वा दिवाळीतील वहीपूजन असो, धाकट्याने वडीलधाऱ्यांच्या पायांना स्पर्श करावा आणि त्यांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवावा, ही आपली रीत आहे. त्या हातातून धाकट्याला भांडवल मिळत नाही, बाजारभावाची माहिती मिळत नाही, नुकसानीची हमीही मिळत नाही. तरीही तो उठतो तेव्हा अधिक मोठे पाऊल टाकण्यास तयार झालेला असतो.

हे पाऊल मोठे का पडते आणि ते प्रत्येक वेळी मोठे पडणे हिताचे आहे काय, हा प्रश्न व्यापार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत त्याचे काही उत्तर शोधले आहे. रायगडच्या किनाऱ्याने त्याची दोन्ही अंगे प्रत्यक्ष पाहिली आहेत.

रुमालाखालचा सौदा

रेवदंडा आणि चौल ही आज नारळी-पोफळींत लपलेली शांत गावे आहेत. परंतु सोळाव्या शतकाच्या आरंभी चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील एक गजबजलेले बंदर होते. लुदोविको दि वार्थेमा हा इटालियन प्रवासी त्या काळात या किनाऱ्याने फिरला. चौललाही तो आला होता. १५१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात पुढे दक्षिणेकडील कालिकत बंदरातील व्यापाऱ्यांची एक रीत सांगितली आहे. व्यापारी गोलाकार बसत. दलाल एका हाताने वस्त्र धरी, त्याखाली दुसऱ्या हाताने विक्रेत्याचा उजवा हात घेई आणि बोटांना बोटे लावून दोघे भाव ठरवीत. तोंडातून आकडा निघत नसे. मग दलाल तसाच खरेदीदाराकडे वळे. एका शब्दावाचून मोठमोठे सौदे होत.

सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणींवर हीच पद्धत पाहिली आणि तिची परिभाषाही नोंदविली. संपूर्ण हात धरला की एक हजार. पाच बोटे धरली की पाचशे. एक बोट म्हणजे शंभर. बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरले की पन्नास आणि केवळ टोक धरले की दहा. पाचजण भोवती बसलेले असताना दोघांचा सौदा पुरा होई आणि तिसऱ्याला भाव कळत नसे. जवाहिऱ्यांच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या घरांना ही गोष्ट ऐकून माहीत असेल.

महाराष्ट्राच्या शेतमाल बाजारांत ही रीत ‘हत्ता पद्धत’ म्हणून ओळखली जाई. अडत्या आणि खरेदीदार यांचे हात रुमालाखाली असत आणि ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राही. त्याच्या धान्याचा किंवा कापसाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत, पण त्याच्या नकळत ठरे. या गुप्ततेत फसवणुकीला वाव होता. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा आणि १९३९ साली शेतमाल बाजारांचा कायदा आला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा झाला. नियंत्रित बाजारांत रुमालाच्या जागी उघडा लिलाव आला. भाव मोठ्याने पुकारला जाऊ लागला.

या इतिहासात एक बोध दडलेला आहे. हातात हात घेऊन सौदा करणाऱ्या दोघांमध्ये विश्वास असे, हे खरे. पण ज्याची खरी जोखीम होती, तो त्या स्पर्शाच्या बाहेर होता. स्पर्शाने निर्माण झालेला विश्वास आणि व्यवहाराची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाजाराला कायद्याच्या मदतीने शिकावे लागले. मनाला मात्र ते अजूनही पुनःपुन्हा शिकवावे लागते.

एका क्षणाचा स्पर्श

जोनाथन लेवाव आणि जेनिफर आर्गो या दोन संशोधकांनी २०१० साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या तीन प्रयोगांतील प्रश्न व्यापाऱ्याच्या ओळखीचा आहे: खात्रीची थोडी रक्कम घ्यावी, की अनिश्चित पण मोठ्या लाभाची वाट धरावी? प्रयोगाची माहिती देताना काही सहभागींच्या खांद्यावर संशोधक स्त्रीने हलकेच, दिलासा दिल्यासारखे थोपटले. इतरांना स्पर्श केला नाही. ज्यांच्या खांद्यावर हात पडला, त्यांनी पैशाच्या बाबतीत अधिक जोखीम पत्करली. स्त्री आणि पुरुष, दोन्ही सहभागींत हा परिणाम दिसला.

कारणाचा शोध घेता आढळले, की स्पर्शामुळे त्यांना अधिक सुरक्षित वाटले होते आणि त्या सुरक्षिततेच्या भावनेतून धाडस आले होते. स्पर्श करणारा पुरुष असताना हा परिणाम दिसला नाही आणि स्पर्श हस्तांदोलनाच्या स्वरूपाचा असताना तो क्षीण झाला. संशोधकांनी याचा संबंध बालपणातील मातेच्या स्पर्शाशी जोडला. तान्ह्या वयात ज्या स्पर्शाने ‘आता भय नाही’ असे शिकविले, त्याची खूण मोठेपणीही शरीर विसरत नाही.

दुकानदारीच्या जगातला याहून जुना एक अभ्यास १९८४ सालचा आहे. अमेरिकेतील उपाहारगृहांत बिलाचे उरलेले पैसे परत देताना वाढपी स्त्रीने ग्राहकाच्या तळहाताला किंवा खांद्याला क्षणभर स्पर्श केला, तर ग्राहक अधिक बक्षिसी ठेवून जात. स्पर्श नसताना बिलाच्या सुमारे १२ टक्के, तर तळहाताला स्पर्श झाल्यावर सुमारे १७ टक्के. कित्येकांना तो स्पर्श जाणवलाही नसावा. पण खिशाला मात्र तो जाणवला.

या प्रयोगांना मर्यादा आहेत. त्यांत भाग घेणाऱ्यांची संख्या थोडी होती, ते पाश्चात्त्य देशांत झाले आणि आपल्याकडे अपरिचित स्त्री-पुरुषांनी एकमेकांना सहज स्पर्श करण्याची रीत नाही. शिवाय नकोसा स्पर्श धीर देत नाही. तो भय आणि संकोच निर्माण करतो. म्हणून त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या घरांना लावता येणार नाहीत. तरीही त्यांनी दाखविलेली दिशा आपल्या अनुभवाशी जुळते.

धक्का तेवढाच, भीती कमी

ही दिशा अधिक स्पष्ट करणारा एक प्रयोग जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपविले आणि विजेचा सौम्य धक्का बसण्याची शक्यता आहे, असे सांगितले. कधी त्यांच्या हातात पतीचा हात होता, कधी अनोळखी माणसाचा, तर कधी कोणाचाच नव्हता. पतीचा हात धरला असताना मेंदूतील धोक्याशी संबंधित भागांची हालचाल सर्वांत कमी झाली. ज्यांचे सहजीवन अधिक समाधानाचे होते, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता.

धक्का बसण्याची शक्यता मात्र तिन्ही वेळा सारखीच होती. पतीच्या हाताने विजेचे बळ कमी झाले नाही. कमी झाली ती केवळ भीती. स्पर्शाचे सामर्थ्य आणि स्पर्शाचा धोका, दोन्ही याच एका गोष्टीत सामावलेले आहेत. स्पर्श जोखीम कमी करीत नाही. जोखमीचे भय कमी करतो.

भय अवाजवी असेल तेथे असा हात हे वरदान ठरते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मातेपासून दुरावलेली पिले दूध देणाऱ्या तारेच्या आकृतीपेक्षा मऊ कापडाच्या आकृतीला बिलगून राहत. अनोळखी खोलीत कापडाची ‘आई’ असेल तर पिलू प्रथम तिला घट्ट धरी, मग हळूहळू तिला सोडून नव्या वस्तू हाताळू लागे आणि पुन्हा तिच्याकडे येई. ती नसेल तर ते कोपऱ्यात अंग चोरून बसे. मुक्या जिवांना दिलेली ती वेदना अहिंसेच्या कोणत्याही मापाने समर्थनीय नाही. पण त्या पिलांनी जे सांगितले ते विसरता येत नाही: अनोळखी जगात पाऊल टाकण्याचे बळ आधी कोणाला तरी बिलगल्यातून येते.

जैन तत्त्वविचाराने इंद्रियांच्या क्रमात स्पर्शनेंद्रियाला प्रथम स्थान दिले आहे. पृथ्वी, जल, वनस्पती आदी एकेंद्रिय जीवांना केवळ स्पर्शच असतो. रसना, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र त्यानंतर. आधुनिक गर्भविज्ञानही सांगते, की मातेच्या उदरात सर्व ज्ञानेंद्रियांपैकी स्पर्श सर्वप्रथम जागा होतो; साधारण आठव्या आठवड्यात ओठांभोवतीचा भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो. त्वचेतील काही मज्जातंतू तर संथपणे फिरणाऱ्या, ऊबदार हातालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. जे इंद्रिय सर्वांआधी येते, त्याचे म्हणणे बुद्धी विचार करू लागण्यापूर्वीच मनात पोहोचलेले असते.

निसर्ग वादळानंतर

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात घरांची छपरे उडविली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाजलेली. तिच्या बागा पिढ्यांनी जोपासलेल्या. पोफळ लावल्यापासून भरघोस फळ येईपर्यंत साधारण ५ ते ८ वर्षे जातात. त्यामुळे बागायतदारापुढे प्रश्न केवळ नुकसानीचा नव्हता. पुन्हा लावायचे काय? एवढी वर्षे थांबायचे काय? आणि मध्येच दुसरे वादळ आले तर? पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा ही शंका निराधार नव्हती हे दिसून आले.

‘निसर्ग’ आले तो काळ करोनाच्या टाळेबंदीचा होता. एकमेकांपासून अंतर राखणे हा नियम होता आणि जीव वाचविण्यासाठी तो आवश्यकही होता. एरवी आपत्तीनंतर नातेवाईक धावून येतात, व्यापारी दुकानाच्या पायरीवर बसून धीर देतात, कोणी न बोलता खांद्यावर हात ठेवतो. त्या जून महिन्यात मदतीचे पत्रे आणि धान्य येऊ शकत होते; हात येणे अवघड झाले होते. पुन्हा उभे राहण्यासाठी रक्कम जेवढी लागते, तेवढाच धीरही लागतो. आणि धीराची वाट बव्हंशी स्पर्शातून जाते.

वर्षभराने, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्री नदीच्या पुराने महाडच्या बाजारपेठेतील दुकाने बुडाली आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर महाडमध्ये बाहेरगावांहून स्वयंसेवक आले आणि अनोळखी माणसांच्या दुकानांतील, घरांतील चिखल त्यांनी उपसला. पुरात सारे गमावलेल्याला पैशाहून पाठीवरच्या हाताची गरज अधिक असते, हे कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेमुळे मराठी माणसाच्या मनावर कायमचे कोरले गेले आहे. मालाने भरलेले दुकान चिखलाने भरलेले पाहिल्यावर पुन्हा कर्ज काढून माल भरणे ही मोठीच जोखीम असते. ती पत्करण्याचे बळ अशा हातांतून येते. येथे स्पर्श माणसाला फसवीत नाही. खचलेल्या मनाला तो त्याच्या मूळ उंचीवर आणून ठेवतो.

खांद्यावरचा दुसरा हात

परंतु याच किनाऱ्यावर दुसऱ्या प्रकारचे हातही फिरतात. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. उरण, पनवेल, अलिबाग येथील जमिनींकडे मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदारांचे लक्ष अधिकच वळले. येथे जमीन घेणाऱ्याच्या खांद्यावर मध्यस्थाचा हात पडतो, ‘शेठ, तुम्ही घरचे माणूस, आज इसार द्या, दिवाळीनंतर हा भाव राहणार नाही’ असे शब्द कानी येतात आणि सातबारा नीट पाहण्याआधीच धनादेश फाडला जातो. कुळाचा हक्क आहे काय, वारसांच्या सह्या आहेत काय, जमीन किनारा नियमन क्षेत्रात येते काय, बिनशेती परवानगी आहे काय, हे प्रश्न त्या हाताखाली दबून जातात.

हेच जामीनकीच्या बाबतीत घडते. मित्र गळ्यात हात घालून सही मागतो आणि सही करणारा कर्जाचा कागद वाचीत नाही. भिशी, हातउसने, ओळखीच्या पेढीवर ठेवलेली रक्कम, या साऱ्यांचा पाया जवळीक हाच असतो. बहुतेक वेळा तो पाया टिकतोही. आपला व्यापार शतकानुशतके त्यावरच उभा आहे. पण जवळीक म्हणजे तपासणी नव्हे. पेण येथील सहकारी अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१० साली निर्बंध आणले तेव्हा हजारो ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या. गावातली बँक, रोजच्या ओळखीचे चेहरे, एवढ्यावर ठेवीदार निर्धास्त असतो; ताळेबंदातील भोक त्याला दिसत नाही.

अशा वेळी स्पर्श करणारा माणूस नेहमी लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही त्या व्यवहाराची खात्री वाटत असते. म्हणूनच सावध राहणे अवघड जाते. शत्रूच्या हाताचा संशय घेता येतो. मित्राच्या हाताचा संशय घेणे मनाला पटत नाही. उपाय संशयात नाहीच. तो क्रमात आहे.

मर्यादा आधी, हात नंतर

श्रावकाच्या व्रतांत या क्रमाचा एक जुना आदर्श आहे. परिग्रह-परिमाणात माणूस आपल्या संपत्तीची मर्यादा आधीच ठरवितो. दिग्व्रतात कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची सीमा आखून घेतो. या व्रतांचा हेतू आत्मशुद्धीचा आहे, नफा-तोट्याचा नाही. तथापि त्यांत एक व्यावहारिक शहाणपणही आहे: मर्यादा शांत चित्ताने, मोहाचा प्रसंग येण्यापूर्वी ठरवावी. समोर संधी आणि खांद्यावर हात असताना ठरविलेली मर्यादा ही मर्यादा उरत नाही.

घरच्या व्यवहारात हे सहज आणता येते. कोणत्या व्यवहारात जास्तीत जास्त किती रक्कम गुंतवायची, हे बैठकीला जाण्यापूर्वी घरी ठरवून वहीत लिहून ठेवावे. इसार, जामीनकी किंवा मोठी ठेव यांविषयी भेटीतच होकार देऊ नये. ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य आपल्या वडिलांच्या पिढीने लाजेने म्हटले नाही, व्यवहार म्हणून म्हटले. त्या एका रात्रीत हाताची ऊब ओसरते आणि आकडे पुन्हा आकडे दिसू लागतात. कागद वकिलाकडे द्यावेत. ज्याला त्या सौद्यात काही मिळणार नाही, अशा माणसाचे मत घ्यावे. निर्णयात घरातील स्त्रियांनाही सामील करून घ्यावे. खांद्यावरचा हात ज्याच्यावर पडलेला नसतो, त्याच्या नजरेला कागदातील उणीव लवकर दिसते. उघड्या लिलावाने बाजारात जे केले, तेच हे घरात करते: रुमाल बाजूला होतो.

दुसऱ्या बाजूने, आपल्या माणसांना हात देण्यात मात्र कंजुषी नसावी. पेढीवरचा पहिला तोटा घेऊन घरी आलेला मुलगा, परीक्षेत अपयश आलेली मुलगी, पतीच्या निधनानंतर दुकान सांभाळू लागलेली सून, यांना हिशेबाचे प्रश्न दुसऱ्या दिवशीही विचारता येतील. त्या संध्याकाळी त्यांना पाठीवरचा हात हवा असतो. ज्या घरात हा हात सहज मिळतो, त्या घरातील माणसे परक्या हाताच्या ऊबेला लवकर भुलत नाहीत, असे समजण्यास जागा आहे. कारण त्यांची भूक घरीच भागलेली असते. आणि ज्या घरात तो मिळत नाही, तेथील तरुण तो बाहेर शोधतो. सट्ट्याच्या अड्ड्यावर किंवा झटपट दुप्पट पैसे देणाऱ्या योजनेच्या सभेतही तो त्याला मिळतो.

मुलाने पायांना हात लावला की त्याच्या मस्तकावर हात ठेवावा आणि मनापासून ठेवावा. मग त्याला समोर बसवून वही उघडावी आणि दोघांनी मिळून आकडे पाहावेत.